भाताच्या शेतातली नावांची भिंत

बोराकायचा बीच, एल निडोची बोट राइड, मनिलातले मॉल... फिलिपिन्सचं हे पॅकेज आता आपल्याला पाठ झालंय. पण मनिलापासून तीन-चार तासांवर एक जागा अशी आहे, जिथे दोन देशांचे सैनिक एका रांगेत उभे राहून युद्धकैद्यांना सलाम करतात. पुढच्या ट्रिपमधला एक दिवस तिच्या नावावर टाकाच.

'सुट्टी टाकलीय, फिलिपिन्सला चाललेय' असं ऑफिसात एकदा सांगून बघा. पहिला प्रश्न येतो, बोराकाय की पलावान? दुसरा, तिथे व्हेज मिळतं का गं? कबानातुआनला जाणार का, असं कुणीच विचारत नाही. विचारणार तरी कशाला? नुएवा एसिहा हा प्रांत म्हणजे तिथलं भाताचं कोठार. बीच नाही, नाइट लाइफ नाही, इन्फिनिटी पूल तर नाहीच नाही. नजर जाईल तिथवर शेतं, मध्येच चिखलात निवांत बसलेली म्हैस आणि शहरात शिरलं की ट्रायसिकलच ट्रायसिकल. मोटरसायकलला बाजूने एक डबा जोडला की झाली ट्रायसिकल. आपल्या रिक्षाची चुलत बहीण म्हणा ना! कबानातुआनला 'ट्रायसिकल कॅपिटल' असंच म्हणतात.

मनिलाच्या कुबाओ भागातून उत्तरेकडच्या बस सुटतात. माझ्यासोबत एक फिलिपिनो मैत्रीण होती. ती मनिलात कॉल सेंटरला आहे, कायमची नाइट शिफ्ट. पुण्या-मुंबईतला आणि मनिलातला कॉल सेंटरवाला यांची ओळख करून द्यावीच लागत नाही. तीच झोपेची बोंब, पहाटे चारला तीच भूक आणि फोनवर तोच उसना अमेरिकन ऍक्सेंट. 'शाळेत असताना धडा होता आम्हाला यावर,' ती म्हणाली, 'पण तिथे गेले मात्र कधीच नाही.' आपल्यापैकी कितीजण खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलेत? रोज तिच्या बाजूने जाणाऱ्यांचं सांगा. तसंच हे.

शहरापासून पालायानच्या रस्त्याला साधारण आठ किलोमीटरवर पंगातियन लागतं. तिथे रस्त्याला लागून एक नीट राखलेलं मैदान आहे. कापलेली हिरवळ, ध्वजाचे खांब, मधोमध नव्वद फूट लांबीचा काँक्रीटचा चौथरा, त्यावर संगमरवराची एक वेदी आणि सभोवती लोखंडी गजांचं जाळीदार कुंपण. मागे अर्धवर्तुळात एक भिंत उभी आहे आणि तिच्यावर जवळजवळ तीन हजार नावं कोरलेली आहेत. ही सगळी माणसं इथे कैदेत असताना मेली. लढता लढता मेली असं त्यांच्यातल्या फारच थोड्यांबद्दल म्हणता येईल. आमांश, मलेरिया, घटसर्प, बेरीबेरी आणि उपासमार, ही त्यांच्या मरणाची कारणं.

चालत आणलेली माणसं

थोडं मागे जाऊया. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून फिलिपिनो सैन्य अमेरिकन कमांडखाली घेतलं. डिसेंबरात जपानने हल्ला केला आणि ९ एप्रिल १९४२ रोजी बातान द्वीपकल्पातल्या फौजेने शरणागती पत्करली. सुमारे ७५ हजार सैनिक एका दिवसात कैदी झाले. त्यात अमेरिकन साधारण १२ हजार, बाकीचे सगळे फिलिपिनो.

आधीच अर्धपोटी आणि तापाने फणफणलेल्या या माणसांना मारिव्हेलेसपासून सान फर्नांडोपर्यंत शंभरेक किलोमीटर चालवत नेलं. एप्रिलचं ऊन, पाणी नाही, मागे पडेल त्याला संगीन. इतिहासात याचं नाव 'बातान डेथ मार्च'. आजही त्या रस्त्याने गेलात तर पांढरे किलोमीटरचे खांब दिसतात, त्यांच्यावर खंगत चाललेल्या माणसांची आकृती असते. सान फर्नांडोहून मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून कापासला आणि तिथून पुन्हा पायी, कॅम्प ओ'डॉनेलला. त्या कॅम्पात काही महिन्यांत सुमारे दीड हजार अमेरिकन आणि २५ हजारांहून जास्त फिलिपिनो मेले.

आकडा पुन्हा एकदा वाचा. मीही दोनदा वाचला.

त्यानंतर जपान्यांनी फिलिपिनो कैद्यांना टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली आणि जून १९४२ पासून अमेरिकन कैद्यांना कबानातुआनला हलवलं. म्हणून या भिंतीवरची नावं अमेरिकन आहेत. फिलिपिनो सैनिकांचं स्मारक कापासला आहे. तिथे ७० मीटर उंच स्तंभ आहे, नावांच्या काळ्या भिंती आहेत आणि मेलेल्यांची आठवण म्हणून रांगांनी लावलेली झाडं आहेत.

कबानातुआनच्या कॅम्पात दहा-दहाजणांचे गट पाडलेले होते. एकजण पळाला की उरलेल्या नऊजणांना गोळ्या. त्यामुळे कुंपणापलीकडे मोकळं शेत समोर दिसत असूनही माणसं जागची हलायची नाहीत. कॅम्पच्या शेतात भाजी पिकवायची त्यांनी, खायची पहारेकऱ्यांनी. बाहेरून जी काही मदत पोचायची, ती फिलिपिनो गावकऱ्यांच्या आणि मनिलातल्या गुप्त साखळ्यांच्या जिवावर. क्लेअर फिलिप्स ही अमेरिकन बाई मनिलात जपानी अधिकाऱ्यांसाठी नाइट क्लब चालवायची आणि त्या कमाईतून कॅम्पात औषधं, पैसे, चिठ्ठ्या पाठवायची. पकडली गेली, छळ सोसला, पण वाचली.

१९४४ मध्ये धडधाकट कैद्यांना मजुरीसाठी जहाजांनी जपानकडे नेलं जात होतं. या जहाजांवर आत कैदी आहेत अशी कुठलीही खूण नव्हती. ऑक्टोबर १९४४ मध्ये 'अरिसान मारू' अमेरिकेच्याच पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. आतल्या सुमारे १,८०० कैद्यांपैकी नऊजण वाचले. कबानातुआनला मागे राहिले ते पाचशेच्या आसपास. आजारी, पांगळे, 'नेण्याच्या लायकीचे नसलेले'.

अर्धा तास

पलावान म्हटलं की आपल्याला निळंशार पाणी आठवतं. पण पुएर्तो प्रिन्सेसाला उतरल्यावर पुढची व्हॅन पकडायच्या आधी कॅथीड्रलजवळचा प्लाझा कुआर्तेल बघा. तिथे १४ डिसेंबर १९४४ रोजी जपानी सैनिकांनी दीडशे अमेरिकन कैद्यांना खंदकांत उतरवलं, वरून पेट्रोल ओतलं आणि पेटवून दिलं. १३९ मेले, ११ निसटले. त्यांच्याकडून ही बातमी अमेरिकन सैन्यापर्यंत पोचली आणि कबानातुआनच्या कैद्यांचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागला नाही.

मग ३० जानेवारी १९४५ ची ती संध्याकाळ. लेफ्टनंट कर्नल हेन्री म्युसी यांचे १२१ रेंजर शत्रूच्या मुलखात सुमारे पन्नास किलोमीटर आत शिरले. हॉलिवूडने यावर २००५ मध्ये 'द ग्रेट रेड' नावाचा सिनेमा काढला. डीव्हीडीवर बघितला असेल तर रेंजर लक्षात राहिले असतील. पण पंगातियनच्या शेतात उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर येतात ते दुसरेच लोक.

कॅप्टन हुआन पाहोता आणि कॅप्टन एदुआर्दो होसोन हे दोघं फिलिपिनो गनिमी तुकड्यांचे प्रमुख. गनिमी कावा म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. मुलूख आपला, वाटा आपल्या, माणसं आपली. जपानी फौजेची हालचाल वाढल्यामुळे हल्ला एक दिवस पुढे ढकला, हा आग्रह पाहोताचा. पहारेकऱ्यांचं लक्ष आकाशात गुंतवायला विमान मागवा, ही कल्पनाही त्याचीच. वाटेवरच्या गावांना निरोप गेले: कुत्र्यांची तोंडं बांधा, कोंबड्या डालग्यात कोंडा. अख्ख्या गावांनी श्वास रोखून धरला.

अमेरिकन अलामो स्काउट्सपैकी दोघं शेतकऱ्यांचे कपडे घालून कॅम्पसमोरच्या झोपडीत बसले आणि फाटक कुठे, पहारा कुठे, हे टिपून घेतलं. मग रेंजर उघड्या शेतातून पोटावर सरपटत निघाले. अंधार पडताना वर 'ब्लॅक विडो' विमान इंजिन बंद-चालू करत घिरट्या घालत होतं आणि पहारेकरी माना वर करून तेच बघत होते. पावणेआठच्या सुमाराला पहिली गोळी झाडली गेली.

साधारण अर्ध्या तासात कॅम्प मोकळा झाला. त्याच वेळी काबूच्या पुलावर पाहोताची माणसं जपानी बटालियन अडवून धरत होती आणि दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावर होसोनची. काही कैद्यांचा विश्वासच बसेना, त्यांना वाटलं हीही जपान्यांची युक्ती. एक बहिरा ब्रिटिश कैदी संडासात झोपून गेला होता. त्याला या सगळ्याचा पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी तो गनिमांना सापडला.

५१३ कैदी सुटले. चालता येत नव्हतं अशांसाठी गावकऱ्यांनी म्हशींच्या गाड्या आणल्या. सुरुवातीला पंचवीसेक होत्या. पुढे प्रत्येक गावातून भर पडत गेली आणि शेवटी शंभराच्या वर गाड्या झाल्या. त्याही ताशी दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने, शत्रूच्या मुलखातून, रात्रभर. दोन रेंजर या हल्ल्यात मेले. त्यातला एक होता डॉक्टर.

बालिकातान म्हणजे खांद्याला खांदा

अलीकडच्या वर्षांत अमेरिका आणि फिलिपिन्स यांचे लष्करी सराव होतात तेव्हा दोन्हीकडचे सैनिक या स्मारकावर येतात. सगळ्यात मोठ्या सरावाचं नाव 'बालिकातान'. टागालोग भाषेत 'बालिकात' म्हणजे खांदा. मैत्रिणीने अर्थ सांगितला आणि मी म्हटलं, अगं, हे तर आमच्याकडेही अस्संच म्हणतात! जवळच फोर्ट मॅगसायसाय हा फिलिपिन्सचा मोठा लष्करी तळ आहे, त्यामुळे कबानातुआन वाटेतच पडतं. शिवाय ३० जानेवारीला सुटकेच्या दिवशी आणि मे महिन्यात अमेरिकेच्या मेमोरियल डेला इथे फुलं वाहिली जातात.

असा सोहळा लांबलचक नसतो. दोन्ही राष्ट्रगीतं होतात. दोन्ही सैन्यांतला एकेकजण मिळून पुष्पचक्र उचलतो आणि वेदीपाशी ठेवतो. मग एक मिनिट शांतता, बिगुलावर 'टॅप्स'ची धून आणि सलामी. तुम्ही-आम्ही ज्या वयात अप्रेझलची काळजी करतो, त्या वयाची ही मुलं. घाम कानशिलावरून ओघळतोय, पण हात हलत नाही. त्यांच्यातल्या कुणीही ते युद्ध पाहिलेलं नाही, त्यांच्या वडिलांनीही नाही. सोहळा संपला की ताठ उभे असलेले खांदे सैल पडतात आणि मोबाइल बाहेर येतात. मग ग्रुप फोटो, एकमेकांच्या बाहीवरचे बॅज निरखणं, 'तुझं गाव कुठलं?' वगैरे. भिंतीशी एकदोघं रेंगाळतात. बोट फिरवत आपल्या राज्यातलं, आपल्या आडनावाचं कुणी आहे का ते शोधतात.

फिलिपिनो सैनिक काय शोधत असतील? भिंतीवर त्यांच्या आडनावाचं कुणी सापडणं कठीण. बाजूला वेस्ट पॉइंट या अमेरिकन मिलिटरी अकादमीच्या पदवीधरांचं एक स्मारक आहे. ते १७० अमेरिकन आणि ६ फिलिपिनो अधिकाऱ्यांचं.

सलाम झाला, हिशेब?

परतीच्या बसमध्ये मैत्रिणीने जो विषय काढला तो गाइडबुकात नसतो. अडीच लाखांहून जास्त फिलिपिनो या युद्धात अमेरिकन झेंड्याखाली लढले. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेत 'रिसिशन ऍक्ट' झाला आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची सेवा माजी सैनिकांच्या सवलतींसाठी धरलीच जाणार नाही असं ठरलं. ४ जुलै १९४६ ला फिलिपिन्स स्वतंत्र झालं. तुमचे सैनिक, तुम्ही बघा! एकरकमी भरपाई मंजूर व्हायला २००९ उजाडलं. अमेरिकन नागरिकत्व असलेल्यांना १५ हजार डॉलर, नसलेल्यांना ९ हजार. तोवर बहुतेक दावेदार गेलेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना देण्यात आलं. ते घ्यायला आलेल्यांनी नव्वदी गाठली होती किंवा ओलांडली होती.

कबानातुआनच्या हल्ल्याचंही तसंच. बहुतेक अमेरिकन अधिकाऱ्यांना सिल्व्हर स्टार मिळाले. अमेरिकन शिपायांना आणि फिलिपिनो गनिमी अधिकाऱ्यांना ब्राँझ स्टार. म्हणजे पूल रोखून धरणारा कॅप्टन पदकाच्या यादीत शिपायाच्या ओळीत.

'मग तुला हा सोहळा ढोंग वाटतो का?' मी विचारलं. ती जरा थांबली. 'नाही गं. मेलेली माणसं खरी आहेत, त्यांना सलाम हवाच. पण सोहळा बघताना मला वाटतं, गाड्या ओढणाऱ्यांच्या नावाची भिंत कुठेय?'

सोहळ्यामागे आजचं राजकारण नाही असंही नाही. अमेरिकेचे मोठे तळ १९९१-९२ मध्ये इथून उठले होते. २०१४ च्या कराराने अमेरिकन सैन्याला फिलिपिनो तळ वापरायची मुभा पुन्हा मिळाली, फोर्ट मॅगसायसाय त्यातलाच एक. दक्षिण चीन समुद्रातल्या ताणामुळे ही मैत्री आणखी घट्ट झालीय. आणि गंमत बघा, ज्या जपानच्या कैदेची ही सगळी गोष्ट, त्या जपानबरोबर फिलिपिन्सने जुलै २०२४ मध्ये एकमेकांच्या भूमीवर सैन्य पाठवण्याचा करार केला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागूही झाला. दरवर्षी ९ एप्रिलला बातानच्या सामात डोंगरावरच्या सोहळ्यात जपानचे राजदूतही असतात. ८० वर्षांत एवढं पाणी पुलाखालून गेलंय. काबूच्या पुलाखालूनसुद्धा.

आपले कैदी

मला तिथे आपल्याकडचे वीरगळ आठवत होते. गावाच्या वेशीवर, देवळाबाहेर, शेंदूर फासलेले, कधी नुसतेच पडलेले. लढून मेलेल्याचा दगड उभा करायची आपली परंपरा किती जुनी! साताऱ्याकडच्या गावांत पहिल्या महायुद्धावर किती जण गेले, हे सांगणाऱ्या पाट्याही आहेत. पण कैदेत पडलेल्याचं काय? जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत तोब्रुक पडलं, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटणही कैद झाली. त्याआधी फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि हजारो भारतीय सैनिक जपान्यांच्या हाती लागले. यांतले कित्येकजण घरी परतलेही असतील आणि 'हात वर केले' या शब्दांच्या धाकाने आयुष्यभर गप्प राहिले असतील.

म्हणूनच कबानातुआनची भिंत महत्त्वाची वाटते. शरण गेलेल्या, हाडांचा सापळा झालेल्या, आमांशाने मेलेल्या माणसांची नावं तिथे ताठ मानेने कोरलीत. हे स्मारक उभारलं तेही बातान आणि या कॅम्पातून वाचलेल्यांनी, १९८२ मध्ये. मागे राहिलेल्या सोबत्यांसाठी.

काम अजून संपलेलं नाही. कॅम्पात एका दिवशी मेलेल्यांना एकाच खड्ड्यात पुरायचे. युद्धानंतर ते खड्डे उकरले, पण कितीतरी जणांची ओळख पटली नाही. त्यांना मनिलाच्या अमेरिकन सिमेट्रीत 'अज्ञात' म्हणून पुरलं. गेल्या काही वर्षांत यातल्या कबरी पुन्हा उघडून डीएनएने ओळख पटवली जातेय. ही सिमेट्री कुठेय माहितीय? बोनिफासिओ ग्लोबल सिटीला खेटून, म्हणजे मनिलातल्या सगळ्यात चकाचक ऑफिसांच्या आणि कॅफेंच्या भागात. लंच अवरमध्ये चालत जाता येईल इतक्या जवळ सुमारे १७ हजार कबरी आहेत आणि बेपत्ता झालेल्या ३६ हजारांची नावं भिंतींवर. एखाद्याची ओळख पटली की त्याच्या नावाशेजारी ब्राँझचं एक छोटं फूल बसवतात. तिथे गेलात की ती फुलं शोधा.

जायचं असेल तर...

कधी: डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. सोहळ्यासाठी ३० जानेवारी किंवा मेमोरियल डे (मे महिन्याचा शेवटचा सोमवार) साधा. ९ एप्रिलला बातान गाठा, पण टोपी आणि पाण्याची बाटली विसरू नका.

कसं: मनिलाच्या कुबाओहून कबानातुआनची बस, तिथून ट्रायसिकल. 'पंगातियन, अमेरिकन मेमोरियल' म्हटलं की पुरे. भाडं बसण्याआधी ठरवा. वाक्याच्या शेवटी 'पो' लावा, तो आपला 'अहो-जाहो' आहे. चेहरे लगेच खुलतात.

व्हिसा: जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश सुरू झाला. निघण्याआधी नियम एकदा तपासाच.

खाणं: नॉनव्हेजवाल्यांनी 'बातुताय' ही कबानातुआनची बीफ सॉसेज चाखावी. व्हेजवाल्यांनी 'मोंगो' मागावं. मोंगो म्हणजे आपले मूग! फक्त त्यात मांस घातलेलं नाही ना, हे आधी विचारा.

वेळ: स्मारक बघायला अर्धा तास पुरतो. तेवढ्यातच ५१३ जण बाहेर पडले होते. तुम्ही मात्र दोन तास ठेवा, भिंतीवरची नावं सावकाश वाचायला.